भाऊरावच्या टाकीतला समुद्र

आम्ही तिघे म्हातारे बसलो की कोणीतरी टाकीचा विषय काढतो, आणि कपातला चहा निवून जातो. एका काचेच्या टाकीत एवढे किस्से कसे मावले, मला अजून उमगलेलं नाही.

नागपुरात सक्करदऱ्याला भाऊरावचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. शेजारीच माझं काच कापायचं. एक हॉटेल बंद पडलं, तेव्हा त्यांची खाऱ्या पाण्याची टाकी भाऊरावने घरी आणली. सोबत एक काळा, जाड ओठांचा मासा आला. तो सारखा तोंड उघडायचा, जणू आता भजन म्हणेल. वहिनींनी, म्हणजे भाऊरावच्या बायकोने, त्याचं नाव ठेवलं बुवा. तो त्यांच्या हातूनच खायचा.

* * *

पाण्याची सोय आमच्यातल्या तिसऱ्याची, नामदेवची. तो मुंबईच्या गाडीवर डब्याचा अटेंडंट होता. निळं प्लास्टिकचं पिंप समुद्राच्या पाण्याने भरून आणायचा. पहिल्यांदा आणलं तेव्हा वहिनींनी बोट बुडवून चाखलं. त्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. पदराला बोट पुसत म्हणाल्या, “सगळंच असं आहे काय गा नामदेव? का फक्त काठाचं?”

नामदेव गोंधळला. पुढच्या खेपेला त्याने होडीवाल्याला गाठून आतलं पाणी आणलं. वहिनींनी तेही चाखलं. “सारखंच आहे,” म्हणाल्या, आणि त्यांचं समाधान झालं.

* * *

पुढे भाऊरावच्या हाती एक विदेशी मासिक पडलं. त्यात रीफची चित्रं होती. रीफ म्हणजे समुद्रातली पोवळ्यांची बाग. झालं! आपल्या टाकीत तशी बाग करायची, हे त्याने ठरवलं. दुकानातल्या ट्यूबलाइटी टाकीवर चढल्या. नामदेवने कुठून कुठून खटपट करून ओल्या पोत्यात गुंडाळलेले समुद्रातले दगड आणले.

दगड नुसते पडून राहिले. येणारा-जाणारा भाऊरावला विचारायचा, “दगडं काहून पाळून राहिले भाऊ?”

एका सकाळी दगडाच्या भोकातून पिसासारखं काहीतरी बाहेर आलं. आम्ही पाहायला वाकलो, सावली पडली, ते गपकन आत! मग सगळी गल्ली श्वास रोखून बसली. आमचा सोनारही बसला होता. शेवटी हळूच म्हणाला, “अंगठीपुरतं पोवळं केव्हा निघीन?”

* * *

मे महिन्यात पाणी तापायला लागलं. गरम पाण्यात पोवळी मरतात, असं मासिकात होतं. घरात कूलर एकच. भाऊरावने त्याचं तोंड टाकीकडे वळवलं आणि दोघं नवरा-बायको अंगणात झोपायला लागले.

वहिनी मला म्हणाल्या, “पुढच्या जन्मी मी दगड होईन म्हणते. हवा तरी लागंन.”

* * *

आणि मग बुवाने बाग खायला सुरुवात केली. पोवळ्याला कोंब फुटला की हा कुरतडायचा. आता बाग राहील, नाहीतर बुवा. दुसरी टाकी ठेवायला घरात जागा नाही, असं भाऊराव म्हणाला. सक्करदऱ्याच्या तलावात सोडावं, तर ते गोडं पाणी. खाऱ्या पाण्यातल्या माशाला अख्ख्या नागपुरात दुसरं घर नव्हतं.

शेवटी नामदेवने त्याला समुद्रात सोडायचं ठरलं. वहिनींनी बुवाला आपल्या हाताने खाऊ घातलं आणि आत गेल्या. बुवासकट पिंप मुंबईच्या गाडीवर चढलं.

नामदेव परत आला तेव्हा पिंप जड होतं. भाऊरावला वाटलं, पाणी आणलं. झाकण काढलं, तर आत बुवा.

“सोडला होता गा,” नामदेव खाली पाहत म्हणाला. “गुडघाभर पाण्यात उभा राहून सोडला. हा माह्या पायापाशीच फिरून राहिला. लाट नेते, हा वापस येते. हात खाली केला, तर तोंड उघडलं यानं. मंग कसं सोडू?”

 भाऊरावने खाटेची जागा मोकळी करून तिथे मोठा टब मांडला आणि पिंप त्यात हळूहळू रिकामं केलं. मी खिशातून टेप काढून नव्या टाकीचं माप घ्यायला लागलो.

वहिनी टबाशी बसल्या. पाण्यात हात घातला. बुवा येऊन त्यांच्या बोटांना लागला. त्या खाली वाकल्या आणि शेजारी माप घेणाऱ्या मलाच ऐकू येईल इतक्या हळू त्याला विचारलं,

“कसा होता गा बुवा, समुद्र?”