हन्नाबाईंच्या लेकींचं माहेर

दीड महिना झाला. शाळेला निघायच्या घाईत मी डबा भरत होते, तेवढ्यात हन्नाबाईंच्या अनाथाश्रमातल्या स्वयंपाकीणबाईंचा फोन आला. "शोभाबाई, लवकर या. हन्नाबाई उठूनच नाई राह्यल्या..." मी पोचेपर्यंत डॉक्टर येऊन गेले होते. झोपेतच सगळं संपलं होतं. दुपारी आश्रमात वाढलेल्या त्यांच्या लेकी यायला लागल्या. कोणी निर्मलहून, कोणी बाजारहत्नूरहून, कडेवर लेकरं, चेहरे सुजलेले. दफनाच्या वेळी पास्टरनी विचारलं, "घरचं कोण आहे? माती द्यायला पुढं या." आणि बघते तर काय, सगळ्याच्या सगळ्या एकदम पुढं! पास्टर बिचारे मागं सरकले.

हन्नाबाई युरोपातल्या कुठल्याशा थंड देशातल्या. एका ख्रिस्ती संस्थेच्या कामासाठी तरुणपणीच आदिलाबादला आल्या आणि आईबाप नसलेल्या, टाकून दिलेल्या पोरांना वाढवता वाढवता इथल्याच झाल्या. मी संध्याकाळी त्या पोरांना मराठी आणि गणित शिकवायला जायची, तिथली आमची मैत्री. त्यांचं मराठी पुस्तकातलं नव्हतं, चुलीपुढचं होतं, इथल्या बायांसारखं 'मी जातो, मी येतो' म्हणणारं. ही गोरीपान बाई पोरीला हाक मारायची, "काऊन वं, जेवली नाईस?" नवा माणूस इकडंतिकडं बघायचा, बोललं कोण म्हणून. आणि हट्टी म्हणजे किती हट्टी! आता वरतीही देवाशी काहीतरी वाद घालतच असतील.

वंदना ही त्यांची लग्न झालेली पहिली लेक. बसस्टँडवर सापडलेली पोर, बाईंच्या कुशीत वाढली. जैनथच्या भाजीवाल्या शेतकऱ्याच्या घरी दिली. नवरा चांगला, पण सासू कमलाबाई जिभेची तिखट. वंदनाला दिवस गेले आणि सासूनं गल्लीत बोलून दाखवलं, "पयलं बाळंतपन माहेरी असते. हिले माहेर कुठचं आलं?" वंदनानं रडत रडत मला फोनवर सांगितलं आणि मी बाईंना. त्यांनी हातातला चहा खाली ठेवला. "माहेर नाई? मी काय मेलो का?"

आता अडचण अशी, की मोठ्या झालेल्या मुलींनी आश्रमात राहायचं नाही, हा संस्थेचा नियम. हैदराबादच्या साहेबांनी फोनवर तो नीट समजावून सांगितला. बाईंनीही तेवढंच नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरोबर आहे साहेब. ती आश्रमात नाही राहणार, माझ्या खोलीत राहील. माझ्या खोलीत माझी लेक आली, तर तुमचा नियम काय म्हणतो?" त्याच दिवशी बाईंनी आपली खाट उचलून कोठीत नेली, तांदळाच्या पोत्यांशेजारी.

सातवा लागला तशा आम्ही दोघी ऑटो करून जैनथला निघालो. साडी, हिरव्या बांगड्या, लाडू, सगळं घेतलं होतं. चार जणींना विचारून विचारून घेतलं होतं. दिवस कोणता ते मात्र कुणालाच विचारलं नाही! माझं बौद्धाचं घर, आम्हाला पौर्णिमा पाठ, अमावास्या कोण बघतं? दारातच कमलाबाईंनी कपाळावर हात मारला. "आज अवस हाये! अवसेच्या दिशी लेक कोन नेते? रीत मालूम नाई अन् मने माहेर!" गल्ली गोळा झाली. वंदना पिशवी घेऊन उंबऱ्याआड उभी, तोंड एवढंसं झालेलं. मला वाटलं, झालं, पोरीला आता जन्मभर हे ऐकावं लागणार.

हन्नाबाईंनी शांतपणे चपला काढल्या आणि ओसरीवर फतकल मारली. "चुकलं माहं, विहीनबाई. उद्या नेतो. तवरोक इथंच बसतो."

दारात बसलेल्या माणसाला ऊठ कसं म्हणायचं? कमलाबाई उद्याच्या बाजारासाठी कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होत्या, पुन्हा तेच करायला लागल्या. बाईंनी अर्धा ढीग स्वतःकडं ओढला आणि लागल्या बांधायला. पण त्यांची एक जुडी टिकेल तर शपथ! थोडा वेळ कमलाबाईंनी सोसलं, मग राहवेना. "अवं विहीनबाई, अशी नाई बांधत! आना इकडं." 'विहीनबाई' म्हणून गेल्या आणि स्वतःच चमकल्या. मी वंदनाकडं बघितलं. ती हसत होती आणि रडतही होती.

रात्री कमलाबाईंनी आम्हाला भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली, आग्रह करकरून. सकाळी स्वतः सुनेची ओटी भरली आणि ऑटोपर्यंत आल्या. "नातवाले सवा महिन्याचा करून धाडजा, विहीनबाई." नातू नाही, नात झाली. तरी डिंकाचे लाडू घेऊन सगळ्यांत आधी दवाखान्यात हजर कोण? कमलाबाईच!

मग काय, एकेक लेक यायला लागली. बाईंची खाट कोठीतून परत आलीच नाही. एकदा हैदराबादचे साहेब पाहणीला आले. बाईंनी खोलीतलं बाळ उचलून सरळ त्यांच्या मांडीवर दिलं. बाळानं जे करायचं ते केलं. साहेब ओल्या पँटनं जेवून गेले, नियमाची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

बाई गेल्या त्या दिवशी सगळ्या पोरींच्या तोंडी एकच, "आई गेली, माहेर संपलं." मलाही तसंच वाटत होतं, खोटं कशाला बोलू. निर्मलला दिलेल्या सारिकाला सहावा सरत आला होता, पण तिनं फोन केला नाही. संकोचली असणार. मीही तिला केला नाही. मग एके दिवशी वंदनाच आश्रमात आली, बरोबर काठी टेकत कमलाबाई. नव्या मॅनेजरबाईंनी भीत भीत विचारलं, "आता त्या खोलीचं काय करायचं?"

कमलाबाई कडाडल्या, "काय करायचं मंजे? पोरगी येऊन राह्यली ना!"

"सारिकाले आनाले मी जातो, मावशी," वंदना मला म्हणाली. "मोठी बहीन हाओ मी तिची."

आणि आणलीच तिनं. काल संध्याकाळी मी सारिकाला भेटायला गेले, तर दाराबाहेरच तिचा आवाज ऐकू आला. भाजीत मीठ नाही, चहा थंडगार, उशी टोचते, असं काय काय चाललं होतं. आश्रमात वाढलेलं लेकरू ताटातल्या कशालाच नावं ठेवत नाही, मिळेल ते मुकाट्यानं खातं. सारिका तर त्यांतही गरीब गाय. अशी कुरकुर लेक फक्त माहेरी करते... मी आत गेले नाही. दारातच उभी राहून पोटभर ऐकून घेतलं.