हौसाबाईचं म्हणणं

हौसाबाईची बोटं तिच्या नवऱ्यानं मोडली, हे निपाणीत पुष्कळांना माहीत आहे. त्याला मीही कारण झालो, हे मात्र कितीतरी वर्षं मी कुणापाशी बोललो नाही — बायकोपाशी नाही, शांताक्कापाशी तर नाहीच. तुम्हाला सांगतानाही अजून शब्द मागं सरतात.

आणीबाणी उठल्यानंतरचे ते दिवस. आमच्या भागातल्या विडी वळणाऱ्या बायकांनी एक मंडळ काढलं होतं. मंडळ म्हणजे काय? ना पाटी, ना कचेरी. म्होरकी शांताक्का आणि तिची पडवी, बस्स. एखादीला नवऱ्यानं मारलं की बाकीच्या आपापली सुपं घेऊन त्याच्या दारात जाऊन बसायच्या. भांडण नाही, शिव्या नाहीत. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू — दिवसभर विड्या वळत राहायचं. येणाराजाणारा थांबून विचारायचा, आज इथं कशा? शांताक्का खाली बघतच म्हणायची, "ह्या घरात लई जोराचा हात चालतोय म्हणं. बघाय आलोय." भलेभले नवरे संध्याकाळपर्यंत नरम पडायचे.

मी तिथं कसा? मी तंबाखूच्या वखारीत कारकून. बेळगावात शिकल्यामुळं कन्नड चांगलं यायचं. दवाखाना, कचेरी — कन्नड लागेल तिथं बायका मला पुढं घालायच्या. अण्णा म्हणायच्या. मला ते आवडायचं, खोटं कशाला सांगू?

हौसाबाईचा नवरा दत्ताजी सुपांना बधला नाही. त्यानं बायकांना हसून चहा पाजला, आणि त्या उठून गेल्यावर हौसाबाईला मुसळानं मारलं. तेव्हा शांताक्कानं ठरवलं — आता पोलीस ठाणं. मंडळाची ती पहिलीच वेळ. अर्थात बोलायला मी.

इथंच — इथंच तर सगळं अडलं आहे. दत्ताजी सीमालढ्यातला माणूस. मोर्चात माझ्या डोक्यावर येणारी काठी त्यानं आपल्या पाठीवर घेतली होती. आम्ही एका कोठडीत झोपलो होतो. ज्या पोलिसांनी त्याला तुडवला, त्यांच्याच हाती मी त्याला द्यायचा? रस्ताभर मी एवढाच विचार करत होतो. शेजारून चालणाऱ्या बाईच्या सुजलेल्या तोंडाकडं मी पाहिलं नाही. न पाहणं किती सोपं असतं!

फौजदार म्हैसूरकडून नवीन आलेला, त्याला मराठीचा गंध नव्हता. मराठी जाणणारे हवालदार त्या दिवशी बंदोबस्ताला गेलेले. फौजदारानं तिला खुर्ची दिली, पाणी मागवलं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढं त्या माणसाचं मी काय केलं ते तुम्हाला कळायला हवं.

हौसाबाई म्हणाली, "सायेब, नवऱ्यानं मला मुसळानं मारलंय. पुढच्या खेपंला जित्ती ठेवणार न्हाय म्हणतोय. मला घरला धाडू नगासा."

फौजदारानं माझ्याकडं पाहिलं. आणि मी — मी कन्नडमध्ये सांगितलं की घरात शब्दानं शब्द वाढला, ही पाय घसरून उखळावर पडली, नवऱ्याला जरा समज द्यावी.

फौजदारानं तिच्याकडं पुन्हा एकदा पाहिलं. नक्की पडलीच ना, असं मला विचारलं. मी हो म्हणालो. त्याला शंका आली होती. ती मी मिटवली.

दत्ताजीला बोलावून समज दिली गेली. हौसाबाई त्याच्यामागून घरी गेली. त्याच आठवड्यात त्यानं तिचा उजवा हात उंबऱ्यावर धरून ठेचला. विडी वळणाऱ्या बाईची बोटं! ती पुन्हा वळलीच नाहीत. हौसाबाई नवऱ्याचं घर सोडून शांताक्काकडं आली ती कायमची, आणि दुसऱ्यांनी वळायची पानं डाव्या हातानं निवडत बसू लागली.

बायकांना वाटलं, फौजदार कानडी, त्याला आपल्या बाईचं काय पडलंय? मी गप्प राहिलो. नंतर तर मीच तसं सांगू लागलो. मंडळ कसं वाढलं हे कुणी विचारलं की ती हकीकत निघायची, आणि माझा आवाज त्यात सगळ्यांत चढा असायचा. त्यानंतर मंडळानं एकाही बाईला ठाण्यात नेलं नाही. किती जणी निमूट माघारी गेल्या असतील? त्यांच्या वाटा मी बंद केल्या, एका खोट्यानं.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. एका दुपारी कपाळाला फडकं बांधलेली एक तरणी पोरगी पडवीत आली. मला ठाण्यात न्या, एवढंच म्हणत होती. शांताक्का तिला समजावू लागली, "नगं गं बाई. तितं आपलं कोण ऐकतंय? ह्या हौसाचं काय झालं बघ की."

हौसाबाई पानं निवडत होती. तिनं मान हलवली. माझ्या खोट्याला तिचीच साक्ष!

मी उभा राहिलो. सगळं सांगितलं. फौजदारानं ऐकलं असतं, मी त्याला ऐकू दिलं नाही, असं सांगितलं. वळणारे हात थांबले. शांताक्का माझ्याकडं अशी बघत होती, जणू कुणी अनोळखी माणूस पडवीत शिरलाय.

हातातलं पान खाली ठेवून हौसाबाई म्हणाली, "त्या दिवशी मी काय म्हणालते, ते आता सांगा कानडीत."

मी गोंधळलो.

"सांगा की अण्णा. बघू तरी, एवढं अवघड हुतं व्हय बोलाय?"

मी सांगितलं. नवऱ्यानं मला मुसळानं मारलंय. पुढच्या वेळी जिवंत ठेवणार नाही म्हणतो. मला घरी पाठवू नका. तीन वाक्यं. एका दमात संपली.

"एवढंच?" ती म्हणाली.

"एवढंच," मी म्हणालो. "हौसाबाई, तुमचं म्हणणं मी मारलं. चूक फौजदाराची नव्हती, माझी होती. मला वाईट वाटतंय, हे म्हणायलाही मला तोंड नाही. तरी म्हणतो."

तिनं डाव्या हातानं सूप बाजूला सारलं, उठली, आणि त्या पोरीला घेऊन ठाण्याच्या वाटेला लागली. मला बरोबर बोलावलं नाही.