ट्वीटर वाजत होता

भाऊ बारा हंगाम मारेगावकडच्या एका जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढणाऱ्या मशीनवर होता. आता त्याची स्वतःची जुनी आठ सीटची गाडी आहे. कळंब-यवतमाळ सवाऱ्या मारतो. गेल्या वर्षी त्याला गाडीत गाणी हवीशी झाली आणि सामान निवडायला त्याने मला सोबत नेलं. मला त्यातलं काही कळत नाही. आमचे वडील कामगारांची पत्रकं काढायचे. मी अक्षरं त्यांवरच गिरवली, पुढे पत्रकं लिहू लागले. जे खरं आहे ते कागदावर आलंच पाहिजे, एवढंच आम्हाला शिकवलेलं.

दुकान यवतमाळात, लोहारा गावाच्या रस्त्यावर. कारागीर मनापासून सांगत होता. ॲम्प्लिफायरच्या खोक्यावरचा मोठा आकडा पाहू नका, तो सतत किती ताकद देतो ते पाहा. दारातले स्पीकर तेवढी झेलणारे घ्या. जड आवाजाचा सबवूफर सीटखाली मावणारा घ्या, नाहीतर सवाऱ्या पिशव्या कुठे ठेवतील? सगळं फळीवर जोडून त्याने गाणं लावलं. सबवूफर घुमला. भावाने फळीवर तळहात टेकवला आणि खूश झाला.

"आता नुसता ट्वीटर ऐका," कारागीर म्हणाला. बारीक आवाजाचा तो रुपयाएवढा स्पीकर. बाकी सगळं बंद झालं आणि असा किणकिणता आवाज आला की माझे दात शिवशिवले.

"लाव ना मंग," भाऊ म्हणाला.

"लावला ना दादा."

"खराब आहे तो. दुसरा लाव."

दुसरा लावला. मग तिसरा, महागातला. कारागिराने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घालून वायर तपासू लागला. वायरला काही झालेलं नव्हतं.

भाऊ माझ्याकडे वळला. "काव बाई, तू सांग. वाजून राह्यला का?"

घरी आम्ही त्याला 'साहेब' म्हणायचो. साहेबाले दोनदा हाक माराव लागते, म्हणून. त्या जिनिंगच्या गेटवर मी स्वतः पत्रकं वाटली होती. मजुरी, पिण्याचं पाणी, नाकात जाणारा कापूस, सगळं त्यात होतं. आतल्या मशीनच्या आवाजामुळे आम्हाला ओरडून बोलावं लागायचं. त्या ओरडण्याला मी आमचा जोर समजत होते. कानांबद्दल एकही ओळ मी लिहिली नव्हती.

"वाजून राह्यला, भाऊ. पहिलाही वाजत होता."

"वाटलंच मले," तो म्हणाला. आणि तिसरी जोडीच बांधायला सांगितली.

"तुले ऐकू येत नाही, कायले घेतं?"

"सवाऱ्यायले येते ना."

गाडीत सामान बसेपर्यंत आम्ही दुकानाबाहेर उभे होतो. "माहीत होतं, तर डॉक्टरकडे काहून नाही गेला?" मी विचारलं.

"डॉक्टर लिहून देते, कान गेले म्हणून. एकदा लिहिलं का मंग कोणी गाडीत बसत नाही. इथं कोण लिहिते?" तो इतक्या मोठ्याने बोलला की आत कारागिराचा हात थांबला.

म्हणजे तो गाण्यांसाठी आलाच नव्हता. कानात किती उरलंय ते त्याला पाहायचं होतं, आणि मी खोटं बोलत नाही म्हणून मला आणलं होतं.

"हॉर्न येते का ऐकू?"

"आरसा पाह्यतो ना मी," तो म्हणाला.

परतताना त्याने गाणं मोठं केलं. एक हात स्टिअरिंगवर, दुसरा थरथरणाऱ्या दारावर. डॅशबोर्डवरून तो बारीक आवाज थेट माझ्या कानात येत होता. आजही एकटी असताना येतो. मागे एक ट्रक हॉर्न देत होता. भावाने आरसा पाहिला, पण मी दोनदा हॉर्न ऐकल्यानंतर.

"भाऊ, कान तपासून घे," मी म्हटलं. "नाहीतर सवाऱ्यायले मी सांगीन."

त्याची नजर रस्त्यावरून हलली नाही. त्याला ऐकू आलं की नाही, मला आजपर्यंत माहीत नाही. तो रोज आठ माणसं घेऊन निघतो. मी ते वाक्य अजून दुसऱ्यांदा म्हटलेलं नाही.