सात जणांसाठी शांत जागा

कारखान्यात त्यांना कानसेन म्हणत. काचेच्या बाटल्यांचा कारखाना होता, तिथे ते फिटर होते, आणि यंत्राचं दुखणं ओळखायची त्यांची रीत एकच. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक यंत्राच्या अंगाला टेकवायचं, मूठ कानाशी धरायची आणि डोळे मिटायचे. मिनिटाभरात निदान तयार: "तिसरं बेअरिंग. आठ दिवस काढेल." नवव्या दिवशी ते बेअरिंग जायचं. साहेब लोक पाहुण्यांना मुद्दाम त्यांच्याकडे घेऊन येत, आणि घरीही चार माणसं जमली की हेच किस्से निघत.

पस्तीस वर्षं त्या गोंगाटात काढल्यावर कानांनी दगा दिला. एकदम नाही. आधी पाखरं गेली, मग दाराची घंटा, मग बायकांचे आणि पोरांचे आवाज. आवाज यायचा, शब्द यायचे नाहीत. नोकरीच्या शेवटच्या वर्षी त्यांनी ठणठणीत म्हणून सांगितलेलं यंत्र दुसऱ्याच दिवशी अडकलं. कोणी अवाक्षर काढलं नाही, पण त्यांनी गुडघ्याचं निमित्त करून दोन महिने आधीच निवृत्ती घेतली. माणूस टक्कल कबूल करतो, पडलेले दात कबूल करतो. पण ज्याच्या जिवावर आयुष्यभर नाव कमावलं तेच गेलं, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

बायकोलाही पत्ता नव्हता. "ह्यांचं माझ्याकडे लक्षच नसतं" ही तिची तक्रार चाळीस वर्षं जुनी होती. नवरा ऐकत नाही हे तिच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की त्याला आता खरंच ऐकू येत नाही, हे ध्यानात यायला वावच नव्हता.

खरा घोळ झाला तो लेकीच्या बाबतीत. तीन वर्षांपूर्वी तिने पक्की नोकरी सोडली आणि परगावी जाऊन स्वतःचं शिवणकामाचं दुकान काढलं. त्या संध्याकाळी कानसेन घर डोक्यावर घेऊन ओरडले होते. राग पंधरा दिवसांत उतरला, त्यांचा राग कधीच फार टिकायचा नाही. पण तोवर फोनवरचं बोलणं त्यांना कळेनासं झालं होतं. लेकीचा फोन आला की कानाशी नुसती गुणगुण यायची. दोन-चारदा त्यांनी भलतीच उत्तरं दिली, मग घाबरून फोन बायकोच्या हातात द्यायला लागले. "तू बोल, मला काम आहे." निवृत्त माणसाला कसलं डोंबलाचं काम! लेकीने जो अर्थ काढायचा तो काढला. बाबा बोलत नाहीत. हळूहळू तिनेही "बाबांना दे" म्हणायचं सोडलं.

अशात बायकोचा साठावा वाढदिवस आला. लेक एका दिवसासाठी येणार होती. थोरल्या मुलाने ठरवलं की रविवारी सगळ्यांनी बाहेर ब्रंच करायचा, म्हणजे उशिराचा नाश्ता आणि लवकरचं जेवण एकाच बिलात. तो, सून, लेक, हे दोघं आणि बायकोच्या दोन बहिणी, अशी सात डोकी. फोनवरच्या ग्रुपवर हॉटेलांच्या नावांचा नुसता बाजार भरला. एकीला गच्ची हवी, दुसरीला गाणी हवीत, सुनेला फोटो चांगले येतील अशी भिंत हवी.

"जागा मी बघतो," कानसेन म्हणाले.

"तुम्ही?" बायकोच्या हातातला चमचा थांबला. "तुम्ही साधा चहा कधी बाहेर प्यायला नाहीत."

"म्हणूनच बघतो."

त्यांना एकच गोष्ट हवी होती: लेक समोर बसेल, बोलेल, आणि ती काय बोलते ते आपल्याला कळेल अशी जागा. दुकान कसं चाललंय ते विचारायचं होतं. चुकलो, असंही म्हणायचं होतं, जमलं तर.

चार रविवार ते अकराच्या सुमाराला बाहेर पडले. पहिल्या हॉटेलात फरशी, काच आणि स्टीलची टेबलं. तिथे एक चमचा पडला तरी सगळं बोलणं त्यात वाहून जायचं. दुसरीकडे मधोमध कारंजं. तिसरीकडे प्रत्येक कोपऱ्यात स्पीकर. वेटरने काय हवं विचारलं आणि कानसेनांनी "दोन वाजता" असं उत्तर दिलं, तेव्हा तो पोट धरून हसला. ते कपातला चहा अर्धा टाकून उठले.

चौथ्या रविवारी त्यांना ती जागा सापडली. एका जुन्या हॉटेलचा मागचा हॉल. खाली जाड गालिचा, खिडक्यांना भारी पडदे, बुटकं छत, टेबलांवर कापड. कोपऱ्यातल्या टेबलाला पाठीशी लाकडी भिंत होती. त्यांनी वेटरला समोर बसायला लावलं आणि म्हणाले, "मेन्यू वाचून दाखव. चष्मा विसरलोय." चष्मा त्यांच्या खिशातच होता. वेटरने वाचायला सुरुवात केली आणि एकेक शब्द सुटा होऊन त्यांच्या कानात पडू लागला. भाज्या, सूप, अंड्याचे प्रकार, गोड पदार्थ. कानसेनांनी रुमालाने डोळे टिपले. वेटरला वाटलं, म्हातारा फार दिवसांचा उपाशी असावा.

"इथेच बसणार?" वेटरने विचारलं. "बाकी लोक पुढच्या बाजूला बसतात."

"इथेच. सात जण."

रविवारी अकरा वाजता हॉल ओस पडतो म्हणजे काहीतरी कारण असणार, हे एरवी त्यांच्यासारख्या माणसाने ओळखलं असतं. पण गरजवंताला अक्कल नसते.

वाढदिवसाच्या दिवशी ते अर्धा तास आधी येऊन बसले. आपल्यासमोरची खुर्ची त्यांनी लेकीसाठी रुमाल टाकून धरली. मंडळी आली. लेक वाळली होती, केस कापले होते. ती पाया पडली, त्या खुर्चीवर बसली, आणि लगेच तिने कपाळाला आठ्या घातल्या. सुनेने कानांवर हात ठेवले. मेव्हण्या एकमेकींकडे बघू लागल्या.

"हा कसला आवाज?" मुलगा म्हणाला. "कुकरची शिट्टी अडकल्यासारखा?"

कानसेनांनी सगळ्यांचे चेहरे पाहिले. हॉल तर किती शांत होता! त्यांनी मागे हात नेऊन तळवा लाकडी भिंतीला लावला. भिंत बारीक थरथरत होती. पलीकडे स्वयंपाकघराच्या मोठ्या फ्रीजचं यंत्र असणार. हाताला जे कळायचं ते कळलं, आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, "पंख्याचं बेअरिंग गेलंय."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?" मुलगा चकित झाला. "बाबा, इथे पाच मिनिटं बसवत नाहीये. तुम्ही येऊन बघितलं होतं ना?"

"बघितलं होतं. पण मला... मला तो आवाज ऐकूच येत नाही."

मग मुलगा खो खो हसत सुटला. "ऐका! कानसेनांना यंत्राचा आवाज ऐकू येत नाही!" मेव्हण्या हसल्या, सूनही हसली. बायकोने "काहीतरीच असतं ह्यांचं" म्हणून पर्स उचलली. तीन वर्षं घशाशी अडकलेलं वाक्य शेवटी बाहेर पडलं आणि त्याचा विनोद झाला.

लेक हसली नाही. ती आईकडे वळून हळूच म्हणाली, "राहू दे, आई. बोलायला लागू नये म्हणूनच त्यांनी ही जागा निवडलीय."

त्या हॉलमध्ये तिचा शब्दन् शब्द त्यांना स्पष्ट ऐकू आला.

मग सगळे रस्त्यापलीकडच्या हॉटेलात गेले. तिथे बाहेर, फुटपाथवर टेबलं होती. बस, ट्रक, हॉर्न, वर गाणी. मेव्हण्यांना जागा फार आवडली. लेक टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसली होती. तिचे ओठ हलताना दिसत होते, मध्येच ती हातांनी काहीतरी मापं दाखवत होती. दुकानाचंच सांगत असावी. सगळे हसले की कानसेन अर्धा क्षण उशिरा हसत. केक कापला तेव्हा टाळ्याही त्यांनी शेवटी वाजवल्या. त्यांना मनापासून रडावंसं वाटत होतं, आणि तोंडात केक होता.

दुपारी लेक निघाली. गाडी सुरू करून ठेवलेली, तिने काच खाली केली. बायको शेजारीच उभी होती. लेक त्यांच्याकडे बघत काहीतरी म्हणाली.

"काय?" ते वाकले.

ती पुन्हा म्हणाली. मागून एक ट्रक गेला. ती उत्तराची वाट बघत होती, तिचे डोळे भरले होते. तिसऱ्यांदा विचारायचं धाडस त्यांना झालं नाही. जपून जा, फोन कर, असंच काहीतरी असेल, असं समजून त्यांनी तोंडभर हसत जोरजोरात मान डोलावली.

लेकीने काच वर केली. गाडी वळून दिसेनाशी झाली.

"अहो, माणूस आहात की कोण?" बायकोचा आवाज चढला होता, म्हणून त्यांना ऐकू आला. "पोरीने विचारलं, बाबा, अजून राग आहे का माझ्यावर? आणि तुम्ही हसत हसत हो म्हणालात?"

ते तिच्याकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा बघून बायकोचा आवाज उतरला. तिने त्यांचा दंड धरला आणि कानाशी तोंड नेऊन विचारलं, "तुम्हाला खरंच ऐकू येत नाही?"

"फोन लाव," ते म्हणाले. "लाव तिला आत्ताच्या आत्ता."

बायकोने नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो कानावर दाबला. थोड्या वेळाने बाईच्या आवाजात काहीतरी गुणगुण सुरू झाली.

"तू बोलू नकोस," ते घाईघाईने म्हणाले. "मला काही कळायचं नाही. तू नुसतं ऐक. राग नाही, बाळ. तेव्हाच गेला होता. कान गेलेत माझे, म्हणून फोन घेत नव्हतो. कळलं ना? ते दुकान..."

लेक गाडी चालवत होती. समोरची व्यक्ती फोन उचलत नाही, कृपया थोड्या वेळाने प्रयत्न करा, असं फोनमधली बाई पुन्हा पुन्हा सांगत होती. शेजारी उभ्या बायकोला ते लख्ख ऐकू येत होतं. पण तिने त्यांना थांबवलं नाही.