वन्संच्या हाताची खोड

माझ्या थोरल्या नणंदेला, म्हणजे आमच्या वन्संना, देवाने दोन गोष्टी सढळपणे दिल्या आहेत. एक खणखणीत आवाज आणि दुसरे स्वस्थ न बसणारे हात. फोनवर बोलतानासुद्धा पलीकडच्याला दिसत असल्यासारखे त्या हातवारे करतात. एकोणीस वर्षं त्यांनी शाळेच्या मुलांची गाडी चालवली. मुलांमागे धावणं गुडघ्यांना झेपेना, तेव्हा रीतसर परीक्षा देऊन गाड्यांच्या धूर-तपासणी केंद्रात लागल्या. "ताई, या वयात नवी नोकरी?" यांनी विचारलं. "वय गुडघ्यांना झालंय, मला नाही," असं ठणकावून गेल्या.

त्यांचं काम मी एकदा जाऊन पाहिलंय. लांबलचक खोली, पंख्यांची घरघर आणि जमिनीत बसवलेले जाडजूड रोलर. गाडीची ताकद लावणारी चाकं रोलरवर चढवायची. मग गाडी कितीही पळवा, जागची हलत नाही. सायलेन्सरला जोडलेल्या नळीतून धूर यंत्रात जातो आणि त्यात कुठला वायू किती, त्याचा आकडा येतो. समोरच्या पडद्यावर एक रेघ चालते. ती चढली की वेग वाढवायचा, उतरली की कमी करायचा. वीस मिनिटं भिंतीकडे तोंड करून गाडी चालवायची, एवढंच.

पण वन्संना भिंत दिसतच नसे, रस्ता दिसे. रेघ उतरली की वळण आलं, असं समजून त्या स्टीअरिंग थोडं इकडे, थोडं तिकडे फिरवत. वर भिंतीला दटावत, "अरे बाबा, बघून चाल की!" दुसऱ्या पाळीच्या तपासनीसाला सगळे काटेकोर म्हणत. तो चाचणीभर स्टीअरिंग घट्ट, सरळ धरून पुतळ्यासारखा बसे.

"ताई, भिंतीला वळण नसतं हो," तो चिडवायचा.

"तुझ्या भिंतीला नसेल."

कुणाचं काही अडत नव्हतं. एवढ्या गाड्या तपासल्या, पण वन्संच्या या खोडीने कुठल्याच आकड्यात काही फरक पडला नव्हता.

मग ती नवी डिझेल गाडी आली. मोठी, रुबाबदार, मागच्या चाकांवर चालणारी. जाहिरात अशी, की वाटावं सायलेन्सरमधून अत्तरच येतं. बाजारातल्या चार गाड्या केंद्राने तपासायला आणल्या. काटेकोरने तपासल्या, तर आकडे धुतल्या तांदळासारखे. त्याच गाड्या वन्संनी तपासल्या आणि नायट्रोजनचे विषारी वायू दहापट! हे वायू डोळ्यांना दिसत नाहीत, पण छातीत जाऊन बसतात. पुन्हा तपासल्या, पुन्हा तेच. वन्संनी यंत्र पुसलं, नळ्या बदलल्या, देवाचं नाव घेऊन तिसऱ्यांदा बसल्या. आकडा ढिम्म हलेना.

कंपनीचा माणूस चकचकीत बूट घालून तक्रार करायला आला. केंद्राच्या साहेबांनी वन्संना बोलावलं. "सोमवारी शेवटची चाचणी, माझ्यासमोर. आकडा पुन्हा असाच आला आणि कारण सांगता आलं नाही, तर तुम्ही मंगळवारपासून कागदांच्या टेबलावर."

रविवारी वन्सं आमच्याकडे आल्या, त्या पडलेल्या चेहऱ्याने. पगार तोच राहणार होता, पण प्रश्न पगाराचा नव्हता. गाडीत बसल्याशिवाय या बाईचा दिवस उगवत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक.

"फायली लावत बसायला का परीक्षा दिली मी?" त्या म्हणाल्या.

सासूबाई शेंगा सोलत होत्या. वय ब्याऐंशी, पण जीभ विशीतली. "नेमकं करतेस तरी काय तिथे? दाखव बघू."

वन्संनी स्वयंपाकघरातली खुर्ची भिंतीकडे तोंड करून मांडली. माझ्या मोठ्या पातेल्याचं झाकण दोन्ही हातांत धरलं आणि चाचणी सुरू झाली. तोंडाने इंजिनाचा आवाज, पायाने दाबदाबी. रेघ चढली, रेघ उतरली, झाकण डावीकडे, झाकण उजवीकडे.

"अगं, समोर भिंत आणि तू वळतेस कुठे?" सासूबाई म्हणाल्या. "तो दुसरा पण असाच वळतो का?"

"छे! तो पुतळा. त्याचं स्टीअरिंग हलतसुद्धा..."

वन्सं थांबल्या. झाकण हातात तसंच अधांतरी.

"आई," त्या हळूच म्हणाल्या, "त्याच्यात आणि माझ्यात तेवढाच फरक आहे गं."

सोमवारी काय घडलं, ते वन्संनी आम्हाला तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा उभं राहून, साभिनय. साहेब, काटेकोर आणि चकचकीत बूट असे तिघे बघायला उभे होते. वन्संनी आधी मनावर दगड ठेवून स्टीअरिंग सरळ धरलं. वीस मिनिटं! "आयुष्यात एवढा उपास कधी केला नव्हता," म्हणाल्या. आकडा आला स्वच्छ. बुटवाला हसला. "बघा साहेब, गाडीत दोष नव्हताच."

"थांबा की, निघालात कुठे?" वन्सं आतून ओरडल्या. "आता जरा वळणावळणाने जाऊ."

पुढची चाकं जमिनीवर उभीच होती. वन्संनी स्टीअरिंग नेहमीसारखं थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे केलं. आकडा जो चढला तो चढतच गेला. पुन्हा सरळ धरलं, थोड्या वेळात खाली. पुन्हा फिरवलं, पुन्हा वर.

बुटवाला ओरडला, "चाचणीत स्टीअरिंग फिरवायचं नसतं! नियमात नाही ते!"

"मग तुमची गाडी घेणाऱ्यांनी काय जन्मभर नाकासमोर सरळच जायचं?"

काटेकोर एवढ्या जोरात हसला, की त्याच्या हातातली नोंदींचे कागद लावलेली पाटी पडली. साहेब कोट काढून स्वतः गाडीत बसले. त्यांनी सरळ धरलं, मग फिरवलं. आकडा त्यांच्याही हाताला तसाच नाचला.

पुढे केंद्राच्या अभियंत्याने गाडीतला संगणक उघडला, तेव्हा मेख कळली. चाकं पळताहेत आणि स्टीअरिंग मात्र हलत नाही, म्हणजे आपली तपासणी चालू आहे, हे गाडीला ओळखता येत होतं. तेवढ्यापुरती ती धूर साफ करायची. रस्त्यावर आली की ये रे माझ्या मागल्या. पाहुणे येताना दिसले की पसारा पलंगाखाली ढकलावा, तशातली गत. पण आपल्या पसाऱ्याने शेजाऱ्यांची पोरं खोकत नाहीत. माणूस बघत नसेल तेव्हा देव बघतो, हे गाडी बनवणाऱ्यांना कुणी सांगितलं नसावं. कंपनीचं पुढे काय करायचं ते वरचे लोक ठरवताहेत. गाड्यांची विक्री तूर्त थांबवली आहे.

त्या सोमवारी संध्याकाळी वन्सं थेट आमच्याकडे आल्या. चपला एक इकडे, एक तिकडे. "आई, गाडीच लबाड निघाली! साहेबांनी सगळ्यांना सांगितलं, प्रत्येक गाडीची एक चाचणी यापुढे वळणावळणाची. आणि पुतळ्याला वळायला मी शिकवायचं!"

"ते राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "तुझी जागा राहिली का?"

"राहिली! उद्या सकाळी पहिली गाडी माझीच."

"मग हातपाय धू आणि जेवायला बस. माझ्यामुळे राहिली म्हणून पहिला घास मला दे."

वन्सं हसत हसत आईच्या गळ्यात पडल्या. त्या दिवशी जेवताना कुणी कुणाचं ऐकत नव्हतं. सगळेच एकदम बोलत होते.