बूचकाका

बूचकाका बाटलीचं बूच दाताने उघडायचे. डाव्या दाढेत बाटलीचं तोंड धरायचं, मान एकदाच हिसडायची आणि बूच कोपऱ्यातल्या पिंपाकडे थुंकायचं. ओपनर समोर टेबलावर पडलेला असला तरी हेच. पहिल्यांदा बघणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. समोरचा एक दात अर्धा तुटलेला होता, पण तो बाटलीने नाही, माणसाने तोडलाय, असं ते छाती काढून सांगत. खरं नाव कारखान्याच्या कार्डावर होतं. आम्ही ते कधी वापरलं नाही.

अमिरातीत, रास अल खैमाच्या एका सिरॅमिकच्या कारखान्यात ते भट्टीवर सुपरवायझर होते. माणूस इचलकरंजीचा. हात कोपरापर्यंत भाजल्याच्या डागांनी भरलेले, आवाज भट्टीच्या घरघरीवर मात करून करून फाटलेला. डोंगराच्या पायथ्याशी एका जुन्या व्हिलाच्या मागच्या दोन खोल्यांत एकटे राहत आणि तिथेच बिअर बनवत. कधी कोल्हापुरी गूळ घालून, कधी खजुराचा पाक घालून.

मला त्यांच्याकडे पहिल्यांदा मिलिंद घेऊन गेला. मी शारजात वाढलेली, नोकरी दुबईत, सिलिकॉन ओएसिसमध्ये. मिलिंद पुण्याचा, ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. बायको रूपाली आणि लहानगी सई यांच्याबरोबर इंटरनॅशनल सिटीत राहायचा. घरी बिअर बनवायचा नाद आधी त्याला लागला, त्याच्यामुळे मला. इथे हा गुन्हा आहे हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं. दुकानात मिळत नाही म्हणून आम्ही बनवत नव्हतो. धान्य भिजवायचं, उकळायचं, आंबवायचं आणि त्यातून पिण्याजोगं काही निघतंय का याची वाट बघायची, याचंच वेड होतं.

त्या दिवशी मिलिंदने मोठ्या कौतुकाने स्वतःची बाटली काकांपुढे ठेवली. काकांनी एक घोट घेतला, अंगणात थुंकला आणि भरलेली बाटली कंपाउंडच्या भिंतीवर फेकून मारली. काचा माझ्या चपलेपर्यंत आल्या. "हे प्यायचं नसतंय," ते म्हणाले. "हे ज्याच्यावर राग हाय त्याला द्यायचं असतंय." मिलिंद पांढराफटक पडला होता. मग त्यांनी त्याला मानेला धरून आत नेलं, दुपारभर उभं करून भांडी कशी धुवायची ते शिकवलं, आणि निघताना स्वतःच्या बाटल्यांनी आमच्या गाडीची डिकी भरली. वर लोणच्याच्या बरणीत त्यांचं यीस्ट दिलं. त्याला ते विरजण म्हणत. घरात आलेल्या माणसाला विरजण नाही म्हणायचं नसतं, हा त्यांचा कायदा होता. रास अल खैमापासून अबू धाबीपर्यंत कितीतरी नादिष्टांच्या फ्रिजमध्ये त्यांचं विरजण होतं. त्यात एक फिलिपिनो नर्स होती आणि एक म्हातारा गोरा पायलटही.

त्यांचं देणं असं आणि मारणंही असंच होतं. मिलिंदने एकदा आंबवायची बादली न धुता वापरली, तर लाथ घालून बादली फोडली. पुढच्या आठवड्यात तिच्यापेक्षा चांगली बादली खांद्यावर घेऊन त्याच्या दारात उभे. मी एकदा उकळत्या भांड्यावर वाकले, तर माझ्या हातावर अशी चापट मारली की संध्याकाळपर्यंत बोटं उमटलेली होती. मी दोन आठवडे गेले नाही. मग फोन आला, "पोरी, रुसलीस काय? वाफेनं तोंड भाजलं असतं तुझं." यापलीकडे माफी नाही. माफी मागायची पद्धत त्यांना माहीतच नव्हती.

या देशात असा माणूस वीस-बावीस वर्षं टिकला कसा, याचं मला नवल वाटायचं. इथे रस्त्यात कोणाला बोट दाखवलं तरी केस होते. "हात उचलला की तिकीट," असं ते म्हणत. तिकीट म्हणजे कायमचं परत पाठवणं. एकदा एमिरेट्स रोडवर एका गाडीवाल्याने आम्हाला दिवे मारमारून जवळजवळ कठड्यावर घातलं आणि पुढे सिग्नलला काच खाली करून आयाबहिणींचा उद्धार केला. काका गाडी चालवत होते. त्यांचा हात दरवाज्याकडे गेला, मग तोच हात त्यांनी तोंडाकडे आणला आणि मनगटात दात रुतवले. सिग्नल सुटला तेव्हा शर्टाची बाही लाल झाली होती. नीट पाहिलं तर त्या मनगटावर भाजल्याच्या डागांमध्ये अशा कितीतरी जुन्या चंद्रकोरी होत्या.

त्यांचा दुसरा कायदा म्हणजे विकायचं नाही. पायलटने एकदा गमतीत किंमत विचारली, तर त्याला घराबाहेर काढलं होतं. कारण मला एका दुपारी कळलं. अंगणात भांडं उकळत होतं, मिलिंद गॅसचा सिलेंडर आणायला गेला होता, आणि काका काठीने ढवळत अचानक बोलू लागले. त्यांचा धाकटा भाऊ गावातल्या गुत्त्यावरची विषारी दारू पिऊन गेला. आधी डोळे गेले, मग दोन दिवसांत तो गेला. तेराव्यानंतर काका लोखंडी कांब घेऊन दारू विकणाऱ्याच्या घरी गेले. त्याला त्याच्याच अंगणात झोडपलं. हाड मोडल्याचा आवाज आला तरी झोडपत राहिले. गावातल्या मोठ्या माणसांनी प्रकरण कसंबसं मिटवलं आणि मामाने यांना आखातात पाठवून दिलं.

"त्याचा उजवा हात अजून खांद्याच्या वर जात न्हाई," ते म्हणाले.

मी विचारलं, वाईट वाटतं का.

त्यांनी ढवळणं थांबवलं नाही. "मारल्याचं न्हाई वाटत. त्याची आई दारात हुबी होती. ती बघालती, आणि ती बघालतीय हे मला दिसत होतं. तरी मी थांबलो न्हाई. त्याचं वाटतंय."

मिलिंदने विकायला सुरुवात केली ती रूपालीची नोकरी गेल्यावर. आधी ऑफिसातल्या एकाच्या पार्टीला, मग त्याच्या मित्राला, मग मित्राच्या मित्राला. मला काही बोलला नव्हता. पण त्या भागात चोरून दारू विकणारी एक टोळी आधीपासून होती आणि तिला हे कळायला वेळ लागला नाही. एका सकाळी त्याच्या गाडीचे चारही टायर चाकूने फाडलेले होते. मग मागची काच विटेने फोडली, आणि विटेबरोबर निरोप आला. आमच्यासाठी बनव, तुझ्या पोरीची शाळेची बस कुठे थांबते ते आम्हाला माहीत आहे. पोलिसांत जावं तर आधी स्वतःच अडकणार. त्याने मला सगळं सांगितलं आणि मग माझ्यासमोरच काकांना फोन लावला. काका ऐकून घेत होते. शेवटी फक्त, "येतो," म्हणाले.

शनिवारी सकाळी ते आले तेव्हा मी मिलिंदकडेच होते. दार रूपालीने उघडलं. काकांनी चपला नीट काढून ठेवल्या, आत आले, आणि मिलिंद सोफ्यावरून उठतोय तोवर त्याच्या कानाखाली अशी ठेवून दिली की चष्मा उडून भिंतीला लागला. दुसरी मारली तेव्हा त्याच्या नाकातून रक्त आलं. सई जमिनीवर रंगीत खडू घेऊन बसली होती. ती उठून स्वयंपाकघरात पळाली. "त्याच बरणीतलं विरजण हुतं न्हवं?" काकांनी विचारलं. मिलिंदने मान हलवली. "माझं विरजण विकलंस," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच इतका खाली आलेला ऐकला. मग रूपालीला म्हणाले, "वहिनी, चहा टाका."

चहा झाल्यावर आम्ही साऱ्या बाटल्या मोरीत रिकाम्या करायला घेतल्या. काका बूच दाढेत धरायचे, उघडायचे, ओतायचे. घरभर आंबूस वास भरला. त्यांचा बेत साधा होता. घरात थेंब ठेवायचा नाही, भांडी त्यांच्या गाडीत घालायची, आणि ती माणसं आली की हा माणूस आता बनवत नाही एवढं सांगायचं.

निम्म्या बाटल्या झाल्या असतील, तेवढ्यात दार वाजलं. तिघं होते. एकाच्या हातात गाडीचा जॅक फिरवायचा दांडा होता. काकांनी आम्हाला आत ढकललं आणि स्वतः उंबऱ्यात उभे राहिले. फॅक्टरीच्या हिंदीत त्यांनी सांगितलं, "इधर का काम खलास. ये आदमी अब नहीं बनाएगा." दांडेवाला हसला आणि त्याने दांडा सरळ त्यांच्या तोंडावर मारला.

मी पुढची वाट बघत होते. हे तिघं आता संपले, असं मला वाटलं होतं. काकांनी दोन्ही हात वर नेले आणि चौकटीला धरले. दुसरा वार बरगड्यांवर बसला, तिसरा पुन्हा जबड्यावर. तोंडातून रक्ताबरोबर दातांचे तुकडे पडले ते मी पाहिले. एकाने पोटात गुडघा घातला. ते वाकले, पुन्हा सरळ झाले, पण चौकट सोडली नाही. मिलिंद ओरडत पुढे धावला, तर त्याला त्यांनी पाठीने मागे रेटलं. ज्या माणसाने बादलीवर राग काढला होता तो एक बोटही उचलत नव्हता. शेजारच्या दारांतून माणसं बाहेर आली, खालच्या वॉचमनने पोलिसांना फोन केला, तेव्हा ते तिघं जिन्याने पळाले. मग काकांची बोटं सुटली आणि ते दारातच बसले.

पोलीस आले तेव्हा घराला बिअरचा वास होता आणि मोरीत बाटल्या होत्या. अधिकाऱ्याने विचारलं, हे कोणाचं. मिलिंदने तोंड उघडलं. काका भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी त्याच्या पायावर हात ठेवून दाबला आणि फुटक्या तोंडाने म्हणाले, "सब मेरा है. इनको मालूम नहीं. मैंने रखा." मिलिंदचं तोंड तसंच उघडं राहिलं. सई रूपालीच्या कडेवर होती. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. मीही काही बोलले नाही.

काही महिन्यांनी, परत पाठवायच्या आधी, मला त्यांना तुरुंगात काचेपलीकडून भेटता आलं. जबडा एका बाजूला वाकडा बसला होता. डावीकडच्या दाढा गेल्या होत्या. आता ओपनर घ्यावा लागणार, असं ते म्हणाले, आणि हसताना तोंडावर हात धरला. पूर्वी असं कधी धरत नसत. मग मी विचारलं, का नाही मारलं त्यांना.

"सुरू केलं असतं तर थांबलो नसतो," ते म्हणाले. "आणि मागं पोरगी बघालती." मग म्हणाले, "गंमत बघ. जन्मभर हात उचलला, काय झालं न्हाई. एकदा खाली ठेवला आणि तिकीट मिळालं." मिलिंदला काही सांगायचं का, असं मी विचारलं. त्याला रडत बसू नको म्हणावं, आणि भांडी धुवून ठेव म्हणावं, एवढंच सांगितलं.

ती टोळी पुन्हा फिरकली नाही. मिलिंदने भांडी धुतली आणि टाकून दिली. आम्ही दोघांनीही पुन्हा बनवलं नाही. पुढे दोन वर्षांनी मिलिंद रूपाली आणि सईला घेऊन सुट्टीवर पुण्याला आला. मीही तेव्हा कामासाठी तिथेच होते. आम्ही सगळे इचलकरंजीला गेलो. काका पुतण्याच्या घरी राहत होते, यंत्रमागाच्या खटखटीत. खूप वाळले होते. मिलिंद पायांवर पडला आणि उठेना. काकांनी त्याला काखेत हात घालून उठवलं, आणि जेवल्याशिवाय सोडणार नाही म्हणून स्वतः वाढायला घेतलं. मटण होतं. ते स्वतः रस्सा आणि भाकरीचा कुस्करा खात होते.

सई आता बरीच मोठी झाली होती. तिला मराठी कळतं, पण बोलते इंग्रजीत. काका तिच्यासाठी बिनतिखटाची वाटी घेऊन वाकले, तेव्हा तिने ताट ओढून घेतलं आणि त्यांच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "यू हिट माय पापा."

रूपालीने तिला दटावलं. मिलिंद घाईघाईने सांगू लागला की काकांनी पापाला वाचवलं, त्या दिवशी काका नसते तर... काकांनी हाताने त्याला थांबवलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "काय म्हणती ती?" त्यांना कळलं होतं असं मला वाटतं. तरी मी सांगितलं. दाराच्या चौकटीला धरून उभे असलेले काका त्या पोरीने पाहिले नव्हते. तिच्या आईने तेव्हा तिचे डोळे झाकले होते. तिने पाहिलं होतं ते त्याआधीचं.

काका वाटी घेऊन तिच्यासमोर खाली बसले. बरगड्यांमुळे त्यांना बसायला वेळ लागला.

"व्हय," ते म्हणाले. "मारलं मी तुझ्या पप्पाला. नको हुतं मारायला. चुकलं माझं."

सईने ताट पुढे केलं नाही. काकांनी वाटी तिच्याजवळ जमिनीवर ठेवली आणि उठून दुसऱ्यांना वाढायला गेले. आम्ही निघालो तेव्हा वाटी तशीच भरलेली होती. काका गाडीपर्यंत आले, मिलिंदच्या बाजूची काच ठोठावून सावकाश जा म्हणाले, आणि मग सईच्या खिडकीपासून दोन पावलं मागे सरकून, दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहिले.