ट्रॅक्टरच्या खांद्याचं तूप

माझं ऱ्हस्व-दीर्घ चुकतं आणि अक्षर तर कोंबडीच्या पायाचं. चौथीनंतर पाटी सुटली ती सुटलीच. त्याची माफी असावी. पण वामन मिस्त्री डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसले.

वरूडला स्टँडमागे त्याचं यंत्रदुरुस्तीचं टिनाचं दुकान होतं. आमच्याकडे आला की आधी तुळशीमागे तंबाखूची पिंक टाकायचा, मग वाळत घातलेल्या माझ्या लुगड्याला काळे हात पुसायचा. सासूबाईंनी एकदा टोकलं तर म्हणाला, "यंत्राचं आइल म्हंजे लक्ष्मी आहे, माय! लक्ष्मीले कोनी धुते काय?" त्याचा चहाचा कप मी वेगळा ठेवला होता, तरी तो दोनदा राखेने घासायचे.

आमच्या यांनी संत्र्याच्या ओळींतून चालणारा छोटा ट्रॅक्टर घेतला, त्या साली पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मिस्त्री न बोलावता आला. त्या संध्याकाळी बैलांची खांदशेकणी असते. जू वाहून दुखलेल्या खांद्यांना तूप-हळद चोळून पळसाच्या पानांनी शेकतात. मिस्त्री म्हणाला, "बैलाले शेकता, मंग यानं काय पाप केलं? याचा खांदा कुठं असते, ते मले माहीत आहे." त्याने बॅटरीच्या दोन्ही वायरी सोडल्या, त्याखाली तूप-हळद माखली आणि वायरी पुन्हा बसवल्या. "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या," असं ट्रॅक्टरलाही म्हणाला. सासूबाई भारावल्या. त्यांनी दक्षिणा दिली. ताटात उरलेलं तूप त्याने त्याच काळ्या बोटांनी चाटून खाल्लं.

पोळा झाला आणि ट्रॅक्टर सुरूच होईना. बटण दाबलं की टक्, पुढे काही नाही. बागेत गवत कमरेला आलं होतं. मिस्त्री आला, थुंकी लावलेलं बोट बॅटरीवर फिरवलं आणि म्हणाला, "मेली हे, भाऊ. नवी टाका." अकोल्याहून माहेरच्यांनी दिलेल्या माझ्या पाटल्या गहाण गेल्या. नवी बॅटरी त्यानेच आणून बसवली, जुनी घेऊन गेला.

दुसऱ्या पोळ्याला तोच शेक, तीच दक्षिणा आणि पुन्हा टक्. "हेबी मेली," मिस्त्री म्हणाला. यांनी माझ्या गळ्यातल्या पोतीकडे पाहिलं.

परक्या पुरुषासमोर मी बोलत नसे. तो गेल्यावर यांना विचारलं, "बॅटरी मेली तं समोरचा दिवा कसा जयते?"

हे उठून ट्रॅक्टरकडे गेले. पाना घेऊन त्यांनी दोन्ही वायरी सोडल्या. खाली घट्ट पिवळा थर होता, निरांजनाच्या बुडाशी बसतो तसा. हे घासणं माझ्या रोजच्या हातचं होतं. राख, काथ्या, गरम पाण्याचं फडकं. मग कोरडं पुसलं. यांनी वायरी आवळून बटण दाबलं आणि ट्रॅक्टर धडधडला. सासूबाई ओट्यावरून उतरून बघायला आल्या.

मिस्त्रीला बोलावणं गेलं.

"जुनी बॅटरी कुठं आहे रे?" यांनी विचारलं.

"इकली."

"मेलेली कोनं घेतली, भंगारवाल्यानं का ट्रॅक्टरवाल्यानं?"

त्याने खाली पाहिलं आणि पिंक टाकली, आपल्याच पायावर.

"देवाच्या नावानं तूप चोयलं रे, मेल्या!" सासूबाई ओरडल्या. "उद्या संत्र्याच्या बाजारात सांगते, कोना-कोनाचे खांदे शेकले तुनं!"

"नोको, माय. पैसे देतो ना. बाजारात तोंड दाखवाले जागा नाही राहीन मले."

तो थोडे थोडे देत राहिला. नोटा तंबाखूच्या चंचीतून काढायचा, ओलसर, वास मारणाऱ्या. प्रत्येक वेळी म्हणायचा, "वहिनी, आता तं हासा." मला शिसारी यायची. आपलीच सून रुसावी आणि तिची समजूत काढावी, असा त्याचा आवाज.

संत्र्याचा तोडा संपला तेव्हा तो शेवटचे पैसे घेऊन आला. मी पायरीवर ताट ठेवलं आणि म्हणाले, "याच्यात ठेवा." त्याच्याशी मी बोललेले हे पहिले शब्द. त्याने नोटा ठेवल्या, दोरीवरच्या लुगड्याकडे हात नेला, थांबला आणि आपल्याच धोतराला पुसला.

तो गेल्यावर मी चुलीजवळचा चिमटा आणून एकेक नोट उन्हात मांडली. सुकल्यावर यांनी मोजल्या. पुऱ्या भरल्या. चपला घालून हे सावकाराकडे पाटल्या सोडवायला निघाले, आणि मी चिमटा घासायला घेतला.